प्रोसेसरला थर्मल पेस्ट लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीपाळखीत कोणाचा कॉम्प्युटर तापायला लागला की फोन मला येतो. मी काही इंजिनिअर नाही, पण गेली बारा-तेरा वर्षं स्वतःचे आणि नातेवाइकांचे डेस्कटॉप उघडून बसवतो आहे. या काळात थर्मल पेस्टबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते आणि त्यांची मी देत असलेली उत्तरं इथे लिहिली आहेत. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा. मात्र पेस्ट बदलायला बसण्याआधी "पेस्ट बदलली, तरी तापमान तेवढंच" हा प्रश्न जरूर वाचा. निम्म्या लोकांचं काम तिथेच होतं.

थर्मल पेस्ट नेमकं करते काय?

प्रोसेसरवरचं धातूचं झाकण आणि कूलरचा (प्रोसेसरवर बसवलेल्या पत्र्यांच्या आणि पंख्याच्या संचाचा) तळ, दोन्ही हाताला गुळगुळीत लागतात. प्रत्यक्षात दोन्हींवर बारीक चरे आणि खड्डे असतात, शिवाय दोन्ही पृष्ठभाग पूर्ण सपाटही नसतात. एकावर एक ठेवले की ते काही उंचवट्यांवरच टेकतात आणि मधल्या फटींत हवा अडकते. हवेतून उष्णता जवळजवळ जातच नाही. उष्णता वाहून नेण्याचं जे माप आहे (वॅट प्रति मीटर प्रति केल्विन) त्यात तांबं ४०० च्या आसपास, ॲल्युमिनियम २०० च्या वर आणि हवा ०.०२६. बऱ्यापैकी पेस्ट ४ ते १० च्या दरम्यान येते. म्हणजे तांब्यापुढे पेस्ट अगदीच दरिद्री, पण हवेपेक्षा शेकडो पटींनी श्रीमंत. हवा हाकलून तिच्या जागी बसणं, एवढंच तिचं काम.

याचं एक सोपं गणित करून बघा. समजा १०० वॅट उष्णता २ चौरस सेंटिमीटर जागेतून बाहेर काढायची आहे. मध्ये ५ मापाच्या पेस्टचा ५० मायक्रॉनचा, म्हणजे बारीक केसाच्या जाडीचा थर आहे. या थरापायी तापमान ५ अंशांनी वाढतं. थर चौपट जाड केला तर २० अंशांनी. त्याच ५० मायक्रॉनमध्ये नुसती हवा असती, तर उत्तर ९६० अंश येतं. खरं तर तेवढं काही होत नाही, कारण धातू कुठे ना कुठे टेकलेला असतो आणि प्रोसेसर त्याच्या कितीतरी आधी स्वतःला बंद करून घेतो. तरी पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ या आकड्यांत आहे: फट भरली पाहिजे आणि थर पातळ राहिला पाहिजे.

पेस्ट न लावता दोन दिवस चालवलं तर?

चालू होईल कदाचित, पण चालवू नका. तपासायला म्हणून बायोसपर्यंत (विंडोजच्या आधी दिसणाऱ्या सेटिंगच्या पडद्यापर्यंत) जाऊन लगेच बंद करणं वेगळं.

किती लावायची?

इंग्रजी व्हिडिओंमध्ये "वाटाण्याएवढी" म्हणतात. त्यांचा वाटाणा केवढा असतो कोणास ठाऊक, पण आपल्या मटारच्या दाण्याएवढी पेस्ट लावली तर निम्मी बाहेर येते. पुन्हा हिशेबच करू. डेस्कटॉप प्रोसेसरचं झाकण साधारण ३० बाय ३० मिलिमीटर धरलं, तर ५० मायक्रॉनच्या थराला ४५ घन मिलिमीटर पेस्ट पुरते. ज्वारीचा टपोरा दाणा तीसेक घन मिलिमीटरचा असतो आणि तुरीचा अख्खा दाणा शंभरच्या आसपास. दाबल्यावर थोडी कडेला जाणारच, म्हणून मी तुरीच्या दाण्याएवढी लावतो. वजनात हे पाव ग्रॅम झालं. म्हणजे ४ ग्रॅमच्या ट्यूबमध्ये पंधरा-सोळा वेळा काम होतं.

जास्त पडली तर काय होतं? पेस्ट वीजवाहक नसेल तर फक्त घाण होते. कूलरचा दाब नीट असेल तर जादा पेस्ट कडेने बाहेर निघून जाते आणि मधला थर जवळजवळ तेवढाच पातळ राहतो. कमी पडली तर मात्र एखादा कोपरा कोरडा राहतो, आणि नेमकं त्याच कोपऱ्याखाली गरम सिलिकॉन (झाकणाखालचा, प्रत्यक्ष काम करणारा चिपचा तुकडा) असेल तर पंचाईत. तेव्हा शंका असेल तर किंचित जास्त लावा. ही चूक स्वस्तात पडते.

ठिपका, रेघ की फुली?

या विषयावर लोक गावच्या निवडणुकीसारखे भांडतात. माझा अनुभव असा, की साध्या आकाराच्या प्रोसेसरवर, पुरेशी पेस्ट आणि पुरेसा दाब असेल तर या तीन पद्धतींत फार तर एक-दोन अंशांचा फरक पडतो. तेवढा फरक तर खोलीतला पंखा चालू-बंद केल्यानेही पडतो.

आकार लक्षात घ्यायचा तो झाकण मोठं किंवा लांबट असेल तेव्हा. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून (२०२१) आलेले एलजीए १७०० सॉकेटचे (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) प्रोसेसर चौकोनी नसून लांबट आहेत. त्यांच्यावर मी लांबीच्या दिशेने एक रेघ किंवा बारीक फुली काढतो. एएमडीच्या थ्रेडरिपरचं झाकण तर बिस्किटाएवढं मोठं असतं आणि त्याखाली सिलिकॉनचे तुकडे दूरदूर पसरलेले असतात. तिथे मधल्या एका ठिपक्यावर भागत नाही, पूर्ण झाकण भरेल असंच लावावं लागतं.

एएमडीच्याच रायझन प्रोसेसरचंही एक वैशिष्ट्य आहे. ३००० मालिकेपासूनच्या बहुतेक डेस्कटॉप रायझनमध्ये गणनेचं काम करणारा तुकडा झाकणाच्या बरोबर मध्यावर नसतो, एका कडेला सरकलेला असतो. हा तुकडा जेमतेम ७० ते ८० चौरस मिलिमीटरचा. म्हणून या प्रोसेसरवर मी ठिपक्याबरोबर चार कोपऱ्यांकडे चार बारीक टिपके देतो.

हाताने किंवा कार्डाने पसरवून घेतली तर?

चालतं. पसरवण्यात हवेचे बुडबुडे अडकतात असं म्हणतात. ओबडधोबड पसरवली तर अडकतातही, पण कूलर घट्ट बसला की त्याचा फारसा परिणाम दिसत नाही. थ्रेडरिपर किंवा झाकण नसलेल्या लॅपटॉपच्या चिपवर तर पसरवणंच बरं. उघड्या बोटाने मात्र नको. बोटाचं तेल लागतं, आणि पेस्ट नखात जाऊन बसते ती दोन दिवस निघत नाही. जुन्या सिमकार्डचं प्लास्टिक किंवा ट्यूबबरोबर आलेलं चपटं पातं वापरा.

नव्या कूलरच्या तळाला आधीच काहीतरी करडं लावलेलं आहे. ते पुसायचं का?

नाही, तीच पेस्ट. इंटेलच्या डब्यातल्या कूलरवर तिच्या तीन पट्ट्या असतात, एएमडीच्या रेथ कूलरवर चौकोन असतो. तशीच बसवा, वर आणखी लावू नका. एकदा बसवून काढलीत तर मात्र पुसून नवीन लावावी लागेल.

उलट काही कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिकची फिल्म चिकटवलेली असते, ती काढायची असते. हसू नका. माझ्या एका मित्राचा नवा कोरा कॉम्प्युटर तीन आठवडे ९० अंशांच्या वर चालत होता. कूलर काढला तर फिल्म जागेवर, आणि तिच्यावर "बसवण्यापूर्वी काढा" हे छापलेलंही शाबूत. पेस्ट अतिशय सुंदर पसरली होती, फक्त फिल्मच्या चुकीच्या बाजूला.

जुनी पेस्ट कशाने पुसू?

आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे दुकानात ज्याला आयपीए म्हणतात ते. ९० टक्क्यांच्या वरचं घ्या, ९९ मिळालं तर उत्तम. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत, आणि इतर शहरांत मोबाइल दुरुस्तीचं सामान मिळतं तिथे बाटली मिळते. ते पटकन पेट घेतं, म्हणून देवघरातली समई किंवा गॅस शेजारी नको आणि खिडकी उघडी ठेवा.

आधी सुक्या टिश्यूने जेवढी निघेल तेवढी काढायची. मग कापड आयपीएत भिजवून, बाहेरून मध्याकडे पुसत यायचं. उलट केलंत तर सगळी घाण सॉकेटच्या कडेला जाऊन बसते. शेवटी स्वच्छ कापडाने एक हात. कापूस नको, तंतू सुटतात. चष्म्याचं कापड किंवा धुऊन धुऊन मऊ झालेला सुती तुकडा चालतो.

सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा चिकट पापुद्रा मागे राहतो. नेलपॉलिश रिमूव्हरने आजूबाजूचं प्लास्टिक खराब होतं. रॉकेलचा तेलकटपणा जात नाही. एकाने मला "डिओ मारू का?" असंही विचारलं होतं.

कूलर निघतच नाही. जोर लावू का?

थांबा. एएम४ सॉकेटचा रायझन असेल तर अजिबात जोर लावू नका. या प्रोसेसरच्या पोटाला १,३३१ बारीक पिना असतात, आणि सॉकेटची खटकी त्याला जोराच्या ओढीपुढे धरून ठेवू शकत नाही. पेस्ट वाळून घट्ट झाली असेल तर कूलर वर ओढताना प्रोसेसरही त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. २०१९ मध्ये माझ्या हातून हेच झालं. कूलर हातात, त्याच्या तळाला प्रोसेसर लटकलेला, आणि कोपऱ्यातल्या सात-आठ पिना आडव्या. पुढचे दोन तास ब्लेडच्या पात्याने आणि भिंगाने एकेक पिन सरळ करण्यात गेले. प्रोसेसर वाचला, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

योग्य पद्धत अशी: कॉम्प्युटर आधी दहा-पंधरा मिनिटं चालवा, एखादं जड काम द्या, म्हणजे पेस्ट गरम होऊन मऊ पडेल. मग बंद करून वायर काढा. कूलर मोकळा केल्यावर वर न ओढता, दोन्ही हातांनी हळूहळू डावी-उजवीकडे पिळा. बरणीचं घट्ट झाकण उघडतो तसं, पण जोर निम्मा. सुटल्याची जाणीव हाताला होते, मगच उचला. जागा असेल तर पेस्टच्या कडेने दाताला लावायचा दोरा फिरवूनही ती सुटते.

इंटेलच्या सॉकेटमध्ये आणि २०२२ पासूनच्या एएम५ मध्ये प्रोसेसर लोखंडी चौकटीने दाबून धरलेला असतो, त्यामुळे ही भीती नाही. पण तिथे पिना सॉकेटमध्ये असतात, आणि त्या वाकल्या तर मदरबोर्डचं काम निघतं.

कूलर बसवताना काय सांभाळायचं?

पेस्टच्या आकारापेक्षा हे शंभरपट महत्त्वाचं आहे.

स्क्रूचा कूलर असेल तर एकदम एकच स्क्रू पूर्ण आवळू नका. समोरासमोरच्या कोपऱ्यांचे थोडे थोडे, आळीपाळीने, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे. कूलर एकदा टेकवला की परत उचलून "पसरली का बघू" हा मोह टाळा. उचललात तर हवा शिरते, मग पुसून पुन्हा लावणंच आलं.

इंटेलच्या डब्यातल्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. आपल्याकडच्या असेंबल केलेल्या कॉम्प्युटरमधल्या तापण्याच्या तक्रारींत मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेला गुन्हेगार हाच. चारपैकी एक खुंटी पूर्ण आत गेलेली नसते. वरून सगळं ठीक दिसतं, पण कूलर एका बाजूने कणभर उचललेला. बसवण्याआधी चारही खुंट्यांची डोकी बाणाच्या उलट दिशेने फिरवून मूळ जागी आणायची, मग समोरासमोरच्या दोन एकदम दाबायच्या. "टक" असा आवाज आला पाहिजे. जमलं तर मदरबोर्ड पेटीच्या बाहेर काढूनच हे करा, म्हणजे मागून बघता येतं. चारही ठिकाणी पांढऱ्या प्लास्टिकच्या पाकळ्या भोकाबाहेर येऊन मधल्या काळ्या दांडीने फाकलेल्या दिसल्या पाहिजेत. शेवटी कूलर हाताने हलवून बघा. तो डुलला तर खुंटी बसलेली नाही.

आणि पंख्याची वायर. ती "सीपीयू फॅन" लिहिलेल्या ठिकाणी लागली आहे ना?

पेस्ट बदलली, तरी तापमान तेवढंच. आता?

दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं बहुतेक वेळा झालेलं असतं. दोष पेस्टचा नसतोच.

आजार ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे तापमान चढतं कसं ते बघणं. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्पसारखं फुकट सॉफ्टवेअर उघडा, सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) चालवा आणि आकड्यांवर नजर ठेवा.

सुरू केल्याबरोबर दोन-तीन सेकंदांत ४० वरून थेट ९५ वर गेलं, आणि बंद केल्याबरोबर तितक्याच झपाट्याने उतरलं, तर उष्णता कूलरपर्यंत पोहोचतच नाहीये. कूलर तिरका बसलाय, खुंटी सुटलीय, फिल्म राहिलीय किंवा पेस्ट अपुरी आहे. अशा वेळी कूलरचे पत्रे हाताला जेमतेम कोमट लागतात. पाण्याचा कूलर असेल तर त्याचा पंप बंद पडला असण्याचीही शक्यता असते.

तापमान सावकाश, दहा-पंधरा मिनिटांत, चढत चढत ९० पर्यंत गेलं आणि कूलर हाताला चांगला गरम लागला, तर पेस्ट तिचं काम करते आहे. उष्णता कूलरपर्यंत आली, पण तिथून हवेत जात नाहीये. मग बघायचं ते धुळीकडे, पंख्याकडे आणि पेटीतल्या हवेच्या वाटेकडे. पेटीची बाजूची पत्री काढून पुन्हा चाचणी घ्या. लगेच आठ-दहा अंश उतरले, तर पेटी गुदमरते आहे.

आपल्या घरातली धूळ म्हणजे नुसती माती नसते. कॉम्प्युटर देवघराशेजारी असेल तर उदबत्ती-धुपाची काजळी, स्वयंपाकघराजवळ असेल तर फोडणीचं तेल, आणि या दोन्हींवर धूळ बसून पत्र्यांच्या मध्ये नमद्यासारखा थर तयार होतो. हा ब्रश आणि ब्लोअरने काढायचा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून बेअरिंग खराब होतं. दिवाळीच्या साफसफाईत वर्षातून एकदा हे काम उरकायची सवय लावली, तर पेस्टला हात लावायची वेळ क्वचितच येते.

तिसरी शक्यता अशी, की काहीच बिघडलेलं नाही. एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर कामाचा पूर्ण भार आला की ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथे राहतील, अशाच हिशेबाने बनवलेले आहेत. चांगला कूलर लावला तर ते थंड होण्याऐवजी जास्त वेगाने चालतात आणि पुन्हा ९५ वरच येतात. अशा प्रोसेसरवर महाग पेस्ट लावून आकडा उतरायची वाट बघत बसलात तर निराश व्हाल. वेग वाढला का ते बघा.

मग काळजी कधी करायची?

इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश. रायझन ५००० मालिकेची ९० ते ९५ आणि ७००० ची साधारण ९५. एक्स३डी प्रकारचे प्रोसेसर थोडे नाजूक असतात, ५८००एक्स३डी ची मर्यादा ९० आणि ७८००एक्स३डी ची ८९. मर्यादेला टेकल्यावर प्रोसेसर जळत नाही, आपला वेग कमी करून घेतो. गेम अडखळतो, व्हिडिओ एक्स्पोर्ट व्हायला वेळ लागतो.

साधं काम, म्हणजे ब्राउझर आणि वर्ड, चालू असताना तापमान सतत ७५-८० दाखवत असेल तर पेटी उघडा. जड कामात ८० ते ८५ दिसत असेल तर मी स्वतः हात लावत नाही.

उन्हाळ्यात नागपूरला माझा प्रोसेसर १५ अंश जास्त दाखवतो. पेस्ट वाळली का?

खोली तापली. कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त "खोलीपेक्षा अमुक अंश जास्त" हा फरक सांभाळतो. डिसेंबरात खोली २५ ची असताना प्रोसेसर ७० वर जात असेल, तर मे महिन्यात ४० च्या खोलीत तो ८५ वर जाणारच. चंद्रपूर, अकोला, जळगावच्या लोकांनी तर व्हिडिओतल्या परदेशी आकड्यांशी आपली तुलना करूच नये. पेस्ट बदलण्याआधी आणि नंतरचं मोजमापही एकाच दिवशी, खोलीचं तापमान लिहून ठेवून करा. डिसेंबरात पेस्ट बदलून "बघा, १२ अंश उतरले!" म्हणणारे मला दरवर्षी भेटतात.

कोणती पेस्ट घेऊ?

आर्क्टिकची एमएक्स मालिका, नॉक्टुआची एनटी-एच१ किंवा एनटी-एच२, थर्मल ग्रिझली, कूलर मास्टर, यांतली जी सहज आणि खात्रीच्या दुकानात मिळेल ती. चांगल्या पेस्टींमधला आपसांतला फरक दोन-चार अंशांचा असतो. ट्यूबवर छापलेल्या वॅटच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नका. प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजते, आणि घट्ट पेस्ट पातळ बसत नसेल तर आकडा मोठा असूनही उपयोग नाही.

जुन्या टीव्ही-ॲम्प्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात डबीत मिळणारं पांढरं "हीटसिंक कंपाऊंड" म्हणजे सिलिकॉन तेलातलं झिंक ऑक्साइड. ट्रान्झिस्टरला ते उत्तम. ऑफिसच्या साध्या, कमी वॅटच्या प्रोसेसरला अडीनडीला लावलं तरी चालून जातं. गेमिंगच्या यंत्राला नको.

नकली मालापासून सांभाळा. नामांकित पेस्टच्या हुबेहूब ट्यूबा ऑनलाइन अर्ध्या किमतीत मिळतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मी स्वतः एकदा फसलो आहे. पेस्ट ताकासारखी पातळ निघाली आणि महिन्याभरात तेल एकीकडे, पावडर एकीकडे झाली.

टूथपेस्ट चालते म्हणतात?

तासभर चालते. तिच्यातल्या पाण्यामुळे सुरुवातीला आकडे चांगलेच दिसतात आणि त्याच व्हिडिओत टाळ्या मिळतात. मग पाणी उडून जातं आणि मागे खडू राहतो.

लिक्विड मेटल लावू का?

पहिल्यांदाच पेस्ट लावत असाल तर नको. दुसऱ्यांदा लावत असाल तरी नकोच.

हा गॅलियमचा मिश्रधातू असतो. नुसतं गॅलियम ३० अंशांच्या आसपास वितळतं, इंडियम आणि कथील मिसळलं की ते साध्या खोलीतही पाऱ्यासारखं द्रव राहतं. उष्णता वाहण्यात ते साध्या पेस्टच्या कितीतरी पुढे आहे. २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये सोनीने तेच वापरलं. पण तिथे ते सांडू नये म्हणून भोवती बांध घातलेला आहे. आपल्या टेबलावर तो बांध आपणच असतो. ते वीजवाहक आहे, एक थेंब मदरबोर्डवर घरंगळला की खेळ संपला. ॲल्युमिनियमशी तर त्याचं उभं वैर: धातूच्या कणांच्या सांध्यांत शिरून ते ॲल्युमिनियमला बिस्किटासारखं ठिसूळ करतं. स्वस्त कूलरचे तळ ॲल्युमिनियमचेच असतात. तांब्यावर डाग पडतात आणि ते हळूहळू तांब्यात मुरतं. निकेलचा मुलामा असेल तरच निर्धास्त.

किती वर्षांनी बदलायची?

आर्क्टिक एमएक्स-४ साठी ८ वर्षांचं टिकाऊपण सांगते, नॉक्टुआ एनटी-एच१ साठी ५ वर्षांपर्यंतचं. डेस्कटॉपवर मी तारखेने बदलत नाही. कूलर कोणत्याही कारणाने निघाला तर बदलतो, किंवा त्याच ऋतूत, त्याच कामाला, धूळ काढल्यानंतरही आकडा दहा अंशांनी वाढलेला दिसला तर. "दर सहा महिन्यांनी बदला" हा सल्ला मुख्यतः पेस्ट विकणाऱ्यांकडून येतो.

लॅपटॉपलाही हेच लागू का?

थोडं वेगळं आहे. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर झाकण नसतं, कूलरचं तांबं थेट चकचकीत सिलिकॉनवर बसतं. ही जागा लहान, म्हणून ज्वारीच्या दाण्याएवढी पेस्ट पुष्कळ झाली. पण पूर्ण सिलिकॉन झाकलं गेलं पाहिजे, म्हणून पसरवून लावा. सिलिकॉनचा कोपरा तिरक्या दाबाने टवका उडण्याइतका नाजूक असतो, तेव्हा कूलर सरळ खाली ठेवा. कूलरवर स्क्रूंच्या बाजूला १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने आवळा. आणि सगळ्यात आधी बॅटरीची वायर सोडवा.

उघड्या सिलिकॉनवर पातळ पेस्ट फार दिवस टिकत नाही. गरम-थंड होताना दोन्ही पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात वाकतात-सरळ होतात आणि पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. पेस्ट बदलल्यावर महिनाभर लॅपटॉप थंड आणि मग "ये रे माझ्या मागल्या", याचं कारण हे. म्हणून लॅपटॉपला घट्ट पेस्ट किंवा हनीवेलचा पीटीएम७९५० हा पातळ पॅड बरा. तो खोलीच्या तापमानाला पातळ कागदासारखा असतो आणि ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन फटींत बसतो. लावताना दोन्ही बाजूंचं प्लास्टिक काढायचं. फार मऊ पडून चिकटत असेल तर दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग सोला.

आजूबाजूच्या मेमरी चिपांवर जाड, रबरी पॅड असतात. ते फाटले तर त्याच जाडीचे आणा. १ मिलिमीटरच्या जागी १.५ बसवला तर कूलर उचलला जाऊन प्रोसेसरच उघडा पडतो, आणि पॅडच्या जागी पेस्ट भरली तर ती फट भरतच नाही.

सॉकेटमध्ये पेस्ट गेली. संपलं का सगळं?

बहुधा नाही. हल्लीच्या बहुतेक पेस्टी वीजवाहक नसतात. एएम४ च्या पिनांमध्ये गेली असेल तर प्रोसेसरवर आयपीए टाकून मऊ ब्रशने, पिनांच्या रांगेच्या दिशेने साफ करा आणि अर्धा तास वाळू द्या. इंटेलच्या किंवा एएम५ च्या सॉकेटमध्ये गेली असेल तर ब्रश, टूथपिक, कापड, काहीही आत घालू नका. तिथल्या पिना केसासारख्या आहेत. आयपीएचे थेंब सोडून, बोर्ड उभा धरून निथळू द्या, दोन-तीनदा. तरी निघाली नाही तर जाणत्या माणसाकडे न्या.

एएम५ च्या झाकणाला कडेने खाचा आहेत आणि त्या खाचांत बारीक भाग दिसतात. तिथे पेस्ट गेली तर दिसायला वाईट, पण नुकसान नाही. टोकदार वस्तूने उकरायला गेलात तर मात्र नुकसान तुम्ही कराल.

झाकणाच्या आतली पेस्ट बदलता येते का?

येते, पण बहुतेकांच्या प्रोसेसरमध्ये ती पेस्ट नसतेच. इंटेलने २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून काही वर्षं मुख्य डेस्कटॉप प्रोसेसरच्या झाकणाखाली डाखाऐवजी पेस्ट वापरली, तेव्हा हौशी लोक झाकणं उघडायला लागले. २०१८ च्या नवव्या पिढीत वरच्या प्रोसेसरमध्ये डाख परत आला. डाख असलेलं झाकण उपटणं म्हणजे चालत्या प्रोसेसरचा बळी देण्याची तयारी हवी.

उरलेली ट्यूब कशी ठेवू?

टोपण घट्ट लावून, उन्हापासून आणि पोरांपासून लांब, कपाटात. फ्रिजची गरज नाही. वर्षभराने वापरताना पहिला थेंब कागदावर काढून टाका, तोंडाशी तेल सुटलेलं असतं. तो थेंब पुसलेला कागद टेबलावर सोडू नका, कारण पाच मिनिटांत तुमचा हात त्यावर पडणार आणि मग तो करडा ठसा शर्टावर, माउसवर आणि दाराच्या कडीवर सापडत राहणार.